फोन सांगलीत, किल्ली अमेरिकेत

पत्र: माझा मुलगा टेक्सासात नोकरीला आहे. दिवाळीला आला तेव्हा त्याने आपला आयफोन 13 मला दिला, स्वतः नवीन घेतला. हा फोन त्याने एटी अँड टी या तिथल्या मोबाइल कंपनीकडून 36 महिन्यांच्या हप्त्यांवर घेतला होता. त्यात माझं जिओचं सिम घातलं की ‘सिम नॉट सपोर्टेड’ असं येतं. वायफायवर बाकी सगळं चालतं. स्टँडजवळच्या एका दुकानात साडेतीन हजारांत चिप टाकून देतो म्हणाले. मिरजेत एकजण सॉफ्टवेअर मारून देतो म्हणतो. मुलगा सांगतो की चार हप्ते बाकी आहेत, आणि पुढच्या महिन्यात तो नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करणार आहे. आता काय करावं? शिवाय साताऱ्याच्या माझ्या जाऊबाई पोवई नाक्यावर अमेरिकेहून आलेला सॅमसंग सेकंडहँड घ्यायच्या विचारात आहेत. त्यांनी काय बघून घ्यावा? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर:

ताई, दोन गोष्टी आधी करा, बाकीचं नंतर सावकाश वाचा. दोन्हीपैकी कुठल्याच दुकानात पैसे देऊ नका. आणि आज रात्री मुलाशी बोलणं होईल तेव्हा त्याला सांगा की फोनचं कुलूप निघेपर्यंत नंबर पोर्ट करू नकोस. कामांचा क्रम चुकला तर पंधरा दिवसांचं काम दोन-तीन महिने रेंगाळतं.

तुमचा फोन बिघडलेला नाही. तुमच्या जिओच्या सिममध्येही दोष नाही. अमेरिकेत कंपन्या महागडा फोन हप्त्यांवर देतात आणि पैसे फिटेपर्यंत तो आपल्याच नेटवर्कवर चालावा म्हणून त्याला कुलूप घालतात. याला कॅरियर लॉक म्हणतात. आपल्याकडे ही पद्धत फारशी रुजली नाही. जिओफोनसारखे एकाच कंपनीच्या सिमवर चालणारे साधे फोन सोडले, तर बाजारातला बहुतेक प्रत्येक फोन कुठल्याही सिमवर चालतो. त्यामुळे इथल्या दुकानदाराला हे कुलूप क्वचितच भेटतं, आणि भेटलं की तो त्याकडे ‘दुरुस्ती’ म्हणून बघतो. घोटाळा इथूनच सुरू होतो.

आयफोनचं हे कुलूप फोनच्या आत नसतं. फोन नव्याने सुरू करताना किंवा त्यात अनोळखी सिम घालताना तो इंटरनेटवरून ॲपलच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हरला आपला 15 आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, कळवतो आणि हे सिम चालवू का असं विचारतो. त्या नंबरापुढे तिथे ‘फक्त एटी अँड टी’ अशी नोंद आहे, म्हणून उत्तर नकाराचं येतं. ही नोंद बदलायचा अधिकार फक्त एटी अँड टीला आहे. त्यांनी ॲपलला कळवलं की नोंद बदलते, आणि पुढच्या वेळी फोनला होकार मिळतो. स्वतः ॲपलचं सर्व्हिस सेंटरसुद्धा हे कुलूप काढत नाही, ते तुम्हाला कंपनीकडेच पाठवतं. मग मिरजेतला माणूस फोनमध्ये कुठलं सॉफ्टवेअर मारणार? फोन हजार वेळा पुसला तरी अमेरिकेतल्या सर्व्हरवरची नोंद तशीच राहते.

आता आधी खात्री करून घ्या. फोनमध्ये सेटिंग्ज, मग जनरल, मग अबाउट उघडा आणि खाली सरका. ‘कॅरियर लॉक’ अशी एक ओळ दिसेल. तिच्यासमोर ‘सिम लॉक्ड’ असेल तर वर सांगितलेलं कुलूप आहे. ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असेल तर फोन मोकळा आहे आणि अडचण दुसरीच आहे. ही ओळ आयओएस (आयफोनचं मूळ सॉफ्टवेअर) 14 पासून पुढे दिसते. त्याच पानावर आयएमईआय असतो, किंवा डायल पॅडवर *#06# दाबा. या मॉडेलला दोन आयएमईआय दिसतात, दोन्ही नंबर लिहून मुलाला पाठवा. हाताने उतरवताना एखादा आकडा हमखास चुकतो, म्हणून स्क्रीनशॉटच पाठवा. मात्र हा स्क्रीनशॉट नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, फक्त मुलाला द्या.

पुढचं काम मुलाचं आहे, कारण खातं त्याच्या नावावर आहे. एटी अँड टीच्या अटी थोडक्यात अशा: फोन त्यांच्या नेटवर्कवर निदान 60 दिवस चाललेला असावा, त्याचे पूर्ण पैसे फिटलेले असावेत, खात्यावर थकबाकी नसावी, फोन हरवला किंवा चोरीला गेला अशी नोंद नसावी, आणि तो सध्या दुसऱ्या ग्राहकाच्या खात्यावर चालू नसावा. तुमच्या फोनच्या बाबतीत बाकी सगळ्या अटी पूर्ण होताना दिसतात, अडतंय ते फक्त चार हप्त्यांवर. ते भरेपर्यंत अर्ज करण्यात अर्थ नाही, नकारच येईल.

हप्ते एकरकमी भरता येतात, पण पैसे भरण्याआधी मुलाने एक गोष्ट विचारून घ्यावी. जुना फोन दिला की ‘नवा फोन जवळजवळ फुकट’ अशी जाहिरात असते, त्यात सवलत एकदम मिळत नाही. ती दर महिन्याच्या बिलात थोडी थोडी वळती होते, बहुधा 24 किंवा 36 महिने. मुलाचा फोन अशा योजनेतला असेल, तर हप्ते आधी भरल्यावर उरलेली सवलत मिळत राहते की बुडते, हे कंपनीच्या चॅटवर लेखी विचारून त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा. फोनवरच्या तोंडी उत्तरावर जाऊ नये. आणि दुसऱ्या कंपनीकडे गेलं की सवलत बंद होते आणि हप्त्यांची बाकी एकदम भरावी लागते, एवढं नक्की धरून चालावं. पोर्ट करणं थांबवा असं सुरुवातीलाच म्हटलं त्याचं हे एक कारण.

दुसरं कारण जास्त त्रासाचं आहे. नंबर पोर्ट झाला की खातं बंद होतं आणि राहिलेले हप्ते शेवटच्या बिलात येतात. ते बिल निघायला वेळ लागतो, भरल्यावर नोंदवायला आणखी वेळ लागतो, आणि तोवर खात्यावर थकबाकी दिसत राहते. त्या काळात केलेला प्रत्येक अर्ज परत येतो. जुन्या ग्राहकालाही कुलूप काढून मिळतं, तसा नियम आहे, पण बंद खात्याचा पाठपुरावा करणं चालू खात्यापेक्षा कितीतरी कटकटीचं असतं. चालू खात्यातून तेच काम चहा पिता पिता होतं.

म्हणून मुलाने हप्ते भरावेत आणि 48 तास थांबावं, म्हणजे पैसे खात्यात नीट नोंदले जातात. घाईने त्याच दिवशी अर्ज केला की फोनचे पैसे बाकी आहेत असा नकार येतो आणि विनाकारण धाकधूक होते. मग एटी अँड टीच्या वेबसाइटवर ‘डिव्हाइस अनलॉक’ हे पान उघडून आयएमईआय, आपला मोबाइल नंबर आणि ईमेल भरायचा. या कामाला फी नाही. ईमेल स्वतःचा द्यावा, तुमचा नको, कारण अर्ज भरल्यावर लगेच एक ईमेल येतो आणि त्यातली लिंक 24 तासांच्या आत दाबावी लागते. नाही दाबली तर अर्ज आपोआप रद्द. टेक्सासातली संध्याकाळ म्हणजे आपल्याकडची पहाट, हिवाळ्यात दोन्हींत साडेअकरा तासांचा फरक असतो. ईमेल तुमच्याकडे आला तर तुम्ही झोपेत असाल आणि तो जाहिरातींच्या ढिगात जाऊन पडेल. मुलानेही स्पॅमचा कप्पा बघावा, ही लिंक तिथे सापडण्याचं प्रमाण बरंच आहे.

लिंक दाबल्यावर उत्तर साधारण कामकाजाच्या दोन दिवसांत येतं. शनिवार-रविवार आणि त्यांच्या सुट्ट्या मोजायच्या नाहीत. नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग किंवा नाताळाचे दिवस मध्ये आले तर आठवडा धरा. अर्जाचा क्रमांक आणि आयएमईआय वापरून त्याच पानावर स्थिती बघता येते.

नकार आला तर त्यात कारण लिहिलेलं असतं, ते नीट वाचा. ‘दुसऱ्या खात्यावर चालू’ असं असेल तर बहुधा आयएमईआयचा आकडा चुकलेला असतो, नाहीतर जुन्या फोनची नोंद मुलाच्या एखाद्या लाइनवर अडकून पडलेली असते. मुलाने खात्यात जाऊन कुठल्या लाइनवर कुठला फोन आहे ते तपासावं. फोन मुलाच्या नोकरीच्या कंपनीने दिलेला असेल तर त्या कंपनीच्या परवानगीशिवाय काहीच हलत नाही. आणि ‘चोरी किंवा हरवल्याची नोंद’ असं कारण आलं तर मुलाने कधी विम्याचा दावा केला होता का, ते विचारा. फोन हरवला म्हणून दावा केला, विम्याने दुसरा फोन दिला, आणि मग पहिला गादीखाली सापडला असं पुष्कळ घरांत होतं. तो सापडलेला फोन नोंदीत हरवलेलाच राहतो आणि त्याचं कुलूप कधीच निघत नाही.

होकार आला की सांगलीतलं काम सुरू होतं, आणि ते तुम्हाला एकटीला जमण्यासारखं आहे. फोन वायफायला जोडा, आयओएस अद्ययावत करून घ्या. जिओचं सिम घाला, फोन बंद करून पुन्हा सुरू करा, वायफायवर दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. मग पुन्हा अबाउटमध्ये जाऊन ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसतं का ते बघा. दिसलं की काम झालं. त्याच पानावर असताना ‘कॅरियर सेटिंग्ज अपडेट’ अशी चौकट आली तर अपडेट दाबा. जिओकडे 2जी-3जी नाहीच, तिथलं बोलणंसुद्धा 4जी आणि 5जी वरून होतं, त्यामुळे या सेटिंग्ज नीट बसल्या नाहीत तर इंटरनेट चालतं पण कॉल लागत नाहीत. 5जी हवं असेल तर आयओएस 16.2 किंवा त्यापुढचं लागतं, भारतातल्या कंपन्यांचं 5जी आयफोनवर तेव्हापासून सुरू झालं.

होकार येऊनही ओळ बदलली नाही, तर फोन पुसून नव्याने सुरू करावा लागतो, म्हणजे तो सर्व्हरला पुन्हा विचारतो. इथे मात्र घाई नको. दिवाळीपासून तुम्ही वायफायवर फोन वापरताय, म्हणजे त्यात नातवंडांचे फोटो आले असतील. आधी बॅकअप घ्या. आयक्लाउडची, म्हणजे ॲपलच्या इंटरनेटवरच्या साठवणीची, फुकट जागा 5 जीबी असते, ती फोटोंना पुरत नाही, त्यामुळे घरात संगणक असेल तर त्यावर घ्या. आणि फोनवर अजून मुलाचं ॲपल खातं चालू असेल तर पुसण्याआधी त्याच्याकडून साइन आउट करून घ्या. तो तिकडून आपल्या खात्यातून हा फोन काढूनही टाकू शकतो. हे राहिलं तर पुसल्यावर फोन त्याचाच ईमेल आणि पासवर्ड मागत बसतो. मग सेटिंग्ज, जनरल, ट्रान्सफर ऑर रिसेट आयफोन, इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज. त्यानेही जमलं नाही तर संगणकाला जोडून रिस्टोअर करायचं. त्यानंतरही कुलूप दिसलं तर फोनशी झगडू नका, मुलाने होकाराचा ईमेल दाखवून कंपनीला नोंद पुन्हा पाठवायला सांगावी. पहिल्या खेपेची नोंद ॲपलपर्यंत पोचली नाही असं कधीकधी होतं.

या पासवर्डच्या निमित्ताने एक गोंधळ दूर करते. ‘फोन लॉक आहे’ या तीन शब्दांत चार वेगवेगळी कुलपं लपलेली असतात. एक स्क्रीनचं, पासकोडचं. दुसरं आत्ता सांगितलेलं मालकाच्या खात्याचं, ज्याला ॲपल ॲक्टिव्हेशन लॉक म्हणतं. अँड्रॉइडमध्ये गुगल खात्याचं तसंच असतं. तिसरं ऑफिसचं, म्हणजे नोकरीच्या कंपनीने दुरून ताब्यात ठेवलेला फोन. आणि चौथं आपलं सिमचं. दुकानात जाऊन नुसतं ‘अनलॉक करून द्या’ म्हटलं तर दुकानदार त्याला सोयीचं कुलूप धरतो. त्यामुळे कुठेही विचाराल तिथे ‘कॅरियर लॉक’ हा नेमका शब्द वापरा.

साडेतीन हजारांची चिप म्हणजे काय तेही सांगते, कारण ती बसवल्यावर फोन खरंच चालू होतो आणि लोकांना वाटतं की काम झालं. ती कागदाइतकी पातळ पट्टी असते, तिच्यावर बारीकसा चिप असतो, आणि ती सिमच्या खाली ट्रेमध्ये दडपून बसवतात. फोन सिमची ओळख विचारतो तेव्हा ही पट्टी मध्येच अमेरिकन कंपनीच्या सिमची ओळख सांगते, फोन फसतो आणि मग तुमचं सिम चालू होतं. कुलूप जिथल्या तिथेच असतं, अबाउटमध्ये ‘सिम लॉक्ड’ तसंच दिसतं. ॲपलने नवं आयओएस आणलं की ही युक्ती बंद पडते, म्हणून दुकानदार ‘अपडेट करू नका’ असं बजावतो. म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या नसलेल्या फोनवर तुम्ही बँकेचे व्यवहार करायचे. प्रवासात नेटवर्क गेलं तर पुन्हा सेटिंग करत बसायचं. आणि पट्टीमुळे जाड झालेला ट्रे अडकला तर आतल्या पिना वाकतात, त्या दुरुस्तीचा खर्च वेगळाच. तुमच्याकडे फुकटात मिळणारं खरं अनलॉक हाताशी असताना ही पट्टी घेणं मला अजिबात पटत नाही.

इंटरनेटवर ‘आयएमईआय द्या, इतके डॉलर भरा, दोन दिवसांत अनलॉक’ अशी दुकानं दिसतील. मुलालाही ती दिसतील, तेव्हा त्यालाही सावध करा. यांतल्या काही नुसत्या पैसे उकळणाऱ्या आहेत. ज्या खरंच चालतात, त्या कशा चालू शकतात ते 2021 मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात पुढे आलं. एटी अँड टीच्या कॉल सेंटरमधल्या लोकांना लाच देऊन आणि त्यांच्या संगणकांत घुसखोरीचं सॉफ्टवेअर बसवून सुमारे 19 लाख फोन बेकायदा अनलॉक केले गेले होते. कंपनीचं नुकसान 20 कोटी डॉलरवर गेलं, आणि सूत्रधाराला 12 वर्षांची शिक्षा झाली. आपला फोन अशा रांगेत उभा करायची काहीच गरज नाही. अमेरिकेत 2014 पासून ग्राहकाने आपला फोन अनलॉक करून घेणं कायद्यानेच मोकळं आहे, आणि मोठ्या कंपन्यांनी पात्र ग्राहकांना ते मोफत करून द्यायचं कबूल केलेलं आहे.

आयएमईआय बदलून देतो असं कोणी म्हणालं तर तिथून सरळ उठून या. आपल्याकडे 2023 च्या दूरसंचार कायद्यात यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि असा फोन कधीही नेटवर्कवरून बंद होऊ शकतो.

हे सगळं होईपर्यंत तुमचं सिम जुन्या फोनमध्येच राहू द्या. नव्या फोनवर व्हॉट्सॲप हवं असेल तर ‘लिंक्ड डिव्हाइस’ म्हणून जोडा, नंबर जुन्याच फोनवर राहील. कुलूप निघाल्यावर सिम फक्त एका फोनमधून काढून दुसऱ्यात घातलं तर बँकेचे ओटीपी थांबत नाहीत. यूपीआयचं ॲप मात्र नव्या फोनवर पुन्हा नोंदवावं लागतं, आणि त्यासाठी सिमवरून एसएमएस जातो. सुरुवातीला व्यवहाराची मर्यादाही कमी ठेवलेली असते, तेव्हा ज्या दिवशी मोठं देणं द्यायचं असेल तो दिवस यासाठी निवडू नका. फेसटाइम आणि आयमेसेज नंबरावर सुरू करताना परदेशात एक एसएमएस जातो, तो प्रीपेडच्या पॅकमध्ये धरलेला नसतो. मुख्य शिल्लक शून्य असली की ‘वेटिंग फॉर ॲक्टिव्हेशन’ असं तासन्‌तास फिरत राहतं. थोडा टॉपअप मारा, सुटेल.

तुमचा फोन 13 आहे हे एका अर्थी बरं झालं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला 14 पासून सिमचा ट्रेच नाही, फक्त ईसिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं सिम. अशा फोनचं कुलूप निघालं तरी प्लास्टिकचं सिम घालायला जागा नसते. मग जिओ, एअरटेल किंवा व्हीआयच्या दुकानात आधार घेऊन जाऊन, नाहीतर त्यांच्या ॲपमधून, नंबर ईसिमवर न्यावा लागतो. त्यासाठी फोनचा 32 आकडी ईआयडी, म्हणजे ईसिमचा ओळख क्रमांक, मागतात, तोही अबाउटमध्येच मिळतो. आणि सिम बदलल्यामुळे पहिले 24 तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे ओटीपीही नाहीत. पेन्शनच्या किंवा फी भरायच्या दिवशी ईसिम करायला जाऊ नये.

हा सगळा नियम एटी अँड टीचा झाला. तिथल्या दुसऱ्या मोठ्या कंपन्यांचे नियम वेगळे आहेत. टी-मोबाइलवर मासिक बिलाचा फोन 40 दिवस चालून पूर्ण फिटलेला लागतो. व्हेरायझनचे फोन 2019 पासून खरेदीनंतर 60 दिवसांनी आपोआप सुटायचे, पण त्यांचे नियम अलीकडे बदलले आहेत, म्हणून ज्या तारखेला फोन घेतला त्या तारखेची अट बघावी. सगळ्यात वाईट फसतात ते प्रीपेडवाले स्वस्त फोन. सेलमध्ये शंभर डॉलरला मिळाला म्हणून घेऊन थेट बॅगेत टाकलेला फोन बहुतेक वेळा कायमचा अडकतो, कारण तिथल्या प्रीपेड फोनला त्याच नेटवर्कवर महिनोन्‌महिने पैसे भरून चालवल्याची अट असते. एटी अँड टी प्रीपेडला ती सहा महिन्यांची आहे. भारतात आल्यावर ते महिने भरून कसे निघणार? कॅनडात 1 डिसेंबर 2017 पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर 2021 पासून कंपन्यांना कुलूपबंद फोन विकताच येत नाहीत, तिकडून नवा फोन येणार असेल तर काळजी नाही.

आता जाऊबाईंचा सॅमसंग. त्यांना सांगा की पैसे देण्याआधी दुकानातच फोन पूर्ण रिसेट करून घ्या आणि आपलंच सिम घालून तो पहिल्यापासून सुरू करा. दुकानदाराने आधीच सुरू करून ठेवलेल्या फोनवर विश्वास ठेवू नका. रिसेटनंतर कुणाचं गुगल खातं मागितलं तर तिथेच थांबा. ‘नेटवर्क अनलॉक पिन’ मागितला तर कुलूप आहे. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनांत कुलूप कोडने उघडतं, आणि कोड ठरावीक वेळाच चुकवता येतो. दुकानदार अंदाजाने आकडे दाबायला लागला तर त्याला अडवा, प्रयत्न संपले की खरा कोड मिळूनही फोन उघडत नाही. टी-मोबाइलच्या सॅमसंगमध्ये कोड नसतो, सेटिंग्जमधल्या कनेक्शन्समध्ये ‘नेटवर्क अनलॉक’ असा पर्याय असतो आणि तो कंपनीने परवानगी दिली असेल तरच चालतो.

मॉडेल नंबर बघायला सांगा. अमेरिकन सॅमसंगच्या नंबराच्या शेवटी नुसतं ‘यू’ असेल तर तो कंपनीचा फोन, ‘यू’पुढे 1 असेल तर तो कारखान्यातूनच मोकळा. सिमचा ट्रे बाहेर काढून खाली पट्टी नाही ना ते बघावं, ही सवय आयफोनला जास्त लागू आहे पण बघायला पैसे पडत नाहीत. मग इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस 14422 ला पाठवायचा. सरकारच्या नोंदीतून फोनची कंपनी आणि मॉडेल कळतं. हातातल्या फोनशी ते जुळलं नाही, किंवा काळ्या यादीतला, डुप्लिकेट अथवा आधीच वापरात असलेला असं उत्तर आलं, तर घेऊ नये.

आणि शेवटची चाचणी दुकानाच्या दारात उभं राहून करायची. जाऊबाईंचं सिम जिओचं असेल तर नुसत्या रेंजच्या दांड्या बघून समाधान मानू नये, घरी एक कॉल लावून निदान दोन मिनिटं बोलावं आणि दुसऱ्या बाजूने एक कॉल घ्यावा. अमेरिकन कंपनीच्या सॅमसंगमध्ये इथल्या नेटवर्कचं व्होल्टी, म्हणजे 4जी वरून बोलायची सोय, चालू होईलच असं नाही. ते झालं नाही तर एअरटेलवर 2जी मुळे कॉल कसातरी लागतो, जिओवर लागतच नाही. कुलूप नसलेला, कागदपत्रं नीट असलेला फोनही या एका कारणाने घरात पडून राहतो. कॉल लागला, वायफाय बंद करून इंटरनेट चाललं, एक ओटीपी आला, की मग बिलावर आयएमईआय लिहून घेऊनच पैसे द्यावेत.